परमहंस सभेचे गुपित

पाठ्यपुस्तकात परमहंस सभेला दोन-तीन ओळी मिळतात : स्थापना १८४९, मुंबई, अध्वर्यू दादोबा पांडुरंग तर्खडकर, उद्देश जातिभेद मोडणे. शिर्डीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना मी या ओळींपाशी दरवर्षी थांबतो. ही सभा गुप्त होती. जात गुप्तपणे मोडता येते काय, हा प्रश्न माझ्यासमोर बसलेल्या मुलांचाही आहे.

सभेत प्रामुख्याने एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले तरुण होते. बंद खोलीत जमायचे, प्रार्थना म्हणायची, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, 'खालच्या' जातीच्या हातचे पाणी प्यायचे, असा तिचा परिपाठ. पुढे पुण्याला आणि अहमदनगरलाही तिच्या शाखा निघाल्या. बळ वाढले की उघड व्हायचे, असा विचार होता. ती वेळ आली नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली, बोभाटा झाला आणि सभा विखुरली. तिच्यातली काही मंडळी १८६७ साली प्रार्थना समाजात गेली.

त्यांची भीती खोटी नव्हती. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला १८४३ साली जातीत परत घ्यावे म्हणून झटणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांनी सुखाने राहू दिले नाही. बहिष्कार म्हणजे घर, सोयरीक, श्राद्धपक्ष सगळे तुटणे. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. परमहंसी तरुण खोलीबाहेर पडला की जात त्याला पुन्हा छत्री धरी. पाव खाल्ल्याचे कुणाला कळले नाही तोवर त्याचे काहीच जात नव्हते. खोलीत जात मोडली. पाणवठ्यावर ती जशीच्या तशी राहिली.

त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई काय करीत होते? अस्पृश्यांसाठी उघड शाळा. त्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त नावानिशी छापून आला. हे पत्र १८४२ साली आपल्या अहमदनगरलाच सुरू झाले होते. सुशिक्षित पुरुष आपली यादी लपवीत होते, तेव्हा या मुलीने आपली जात सांगून धर्माला जाब विचारला. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी भर दिवसा प्यायले.

आज आमची मुले आडनाव चोरतात, भाड्याची खोली घेताना गप्प राहतात. त्यांची तुलना परमहंसांशी करू नये. त्यांच्या गुपितामागे छत्री नाही. मे २०१५ मध्ये याच शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजल्याच्या वादातून एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना 'उघड व्हा' असा उपदेश करणे सोपे नाही.

म्हणून माझे मागणे सवर्ण मित्रांकडे आहे. आमच्या घरी जेवल्याचे ते आम्हाला कौतुकाने सांगतात. ते त्यांनी आपल्या घरी सांगावे, गावच्या बैठकीत सांगावे, मुलांची लग्ने ठरवताना सांगावे. आणि त्यानंतर काय झाले, ते आम्हाला येऊन सांगावे.