टेबलाखालचा खोका

१९७७ सालची गोष्ट. न्यूयॉर्कमधल्या लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं विजेच्या उपकरणांचं दुकान होतं. एका गाण्याचा शोध घेत अ‍ॅन ड्रुयन नावाची अमेरिकन तरुणी तिथे पोचली. दुकानात मद्रासी कापड अंथरलेलं एक घडीचं टेबल होतं आणि त्या टेबलाखाली एक जुना तपकिरी खोका. त्या खोक्यात तिला हव्या असलेल्या तबकडीच्या तीन कोऱ्या प्रती निघाल्या. तिने तिन्ही मागितल्या, तेव्हा ‘हिला एकच तबकडी तीनदा कशाला हवी?’ यावर दुकानात बरीच चर्चा झाली म्हणे.

गाणं होतं ‘जात कहाँ हो’. राग भैरवी, वेळ सुमारे साडेतीन मिनिटं. गायिका, गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर. कार्ल सेगन यांच्या समितीने व्हॉयेजर यानांसोबत पाठवायच्या तबकडीसाठी जगभरातून संगीताचे २७ नमुने निवडले, त्यांत भारतातून हे एकच गाणं होतं. ते सुचवलं होतं संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. अडचण एवढीच होती की तबकडी बाजारातून नाहीशी झाली होती. त्या खोक्यातून ती मिळाली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर उतरली आणि २० ऑगस्ट व ५ सप्टेंबर १९७७ या दिवशी दोन यानांमधून आकाशात गेली. १६ सप्टेंबरला केसरबाई अल्लाला प्यारी झाल्या.

त्याच तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत. त्यांत मराठी आहे, उर्दूही आहे. मी शाळेत या दोन्ही भाषा शिकवतो. ‘सर, उर्दू कुठली आणि मराठी कुठली, दोन्हींचा काय संबंध?’ असं कुणी विचारलं की मी आता व्याकरणाच्या आधी या तबकडीची गोष्ट सांगतो. पण गोष्ट सांगताना दर वेळी मन अडकतं ते त्या दुकानावर. यान पाठवणाऱ्यांची नावं इतिहासात आली. ज्याने तो खोका भंगारात न देता टेबलाखाली सरकवून ठेवला, त्याचं काय?

उस्तादांचा आवाज कुठे आहे?

खोका किती मोलाचा होता हे कळायला एक पिढी मागे जावं लागेल. केसरबाईंनी लहानपणी काही महिने उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे तालीम घेतली. पुढे १९२१ पासून त्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकल्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे प्रवर्तक शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारात गायक होते. १९४६ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. ग्रामोफोनचा पुरता जमाना त्यांनी पाहिला, पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याला उपलब्ध नाही. त्यांचं गाणं आज ऐकायचं तर केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावं लागतं.

म्हणजे उस्तादाची विद्या शिष्येच्या गळ्यात, शिष्येचा गळा तबकडीत आणि तबकडी दुकानदाराच्या खोक्यात. या साखळीतली पहिली दोन नावं आपण आदराने घेतो. तिसऱ्याला आपण ‘विक्रेता’ म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की रेकॉर्डची दुकानं हे गेल्या शतकातले बिनपगारी दप्तरखाने होते. कुणी त्यांना तो हुकूम दिला नव्हता. माल न खपल्यामुळे, जागा असल्यामुळे किंवा मन न झाल्यामुळे त्यांनी ते काम केलं.

कार्डिफ ते कलकत्ता

वेल्समधल्या कार्डिफ शहरात हेन्री स्पिलर यांनी १८९४ मध्ये क्वीन्स आर्केड या बाजारात ‘स्पिलर्स’ सुरू केलं. फोनोग्राफ, त्याच्या नळकांड्या आणि पुढे तबकड्या तिथे विकल्या जात. जगातलं सर्वांत जुनं रेकॉर्डचं दुकान म्हणून ते ओळखलं जातं. जागा बदलली, २०१० मध्ये ते जवळच्या मॉर्गन आर्केडमध्ये गेलं, पण दुकान चालूच राहिलं.

स्पिलर्स सुरू झाल्यावर आठ वर्षांनी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. गाणं संपताच त्या इंग्रजीत स्वतःचं नाव उच्चारत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि आगबोटीने परत हिंदुस्थानात यायच्या. तिथल्या कारागिरांना गाणाऱ्याचं नाव कळावं, म्हणून ही घोषणा होती असं सांगितलं जातं. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा हा वळसा संपला. आपल्याकडे सुरुवातीला या तबकड्या विकल्या त्या घड्याळं, सायकली आणि पेट्या-तबले विकणाऱ्यांनी. लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरचं ते विजेच्या सामानाचं दुकान याच परंपरेतलं.

शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘तबकडी’ आली ‘तबक’ वरून, म्हणजे ताट. तो मूळचा अरबी. ‘दुकान’ हा अरबी-फारसीतून आलेला, ‘दफ्तर’ फारसीतून आलेला. या व्यवहाराचे निम्मे शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि ते परके आहेत असं आपल्याला वाटतही नाही.

आणि वस्तू? ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची असे. लाख यायची प्रामुख्याने हिंदुस्थानातून, छोटा नागपूरकडच्या पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून. कार्डिफच्या दुकानात इंग्रजी गाणं विकत घेणाऱ्याच्या हातातही आपल्या जंगलातली लाख असायची.

दुसऱ्या महायुद्धात ही लाख दुर्मीळ झाली. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत मोठी कपात केली. तेव्हा दुकानांनी गिऱ्हाइकांकडून जुन्या तबकड्या गोळा केल्या, त्या दळून नव्या बनल्या. दप्तरखाना म्हटलं की हेही सांगायला हवं. जे दुकान जपतं तेच दुकान गरजेपोटी दळायलाही देतं. काय जपायचं याचा कायदा नव्हता, नुसता योगायोग होता.

ऐकणारा माणूस

दुकानात माल असतो, तसा ऐकणारा माणूसही असतो. लंडनच्या ३६३ ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ‘एचएमव्ही’चं दुकान जुलै १९२१ मध्ये संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते उघडलं. तिथे तबकडी कापून देण्याचीही सोय होती. १९६२ च्या फेब्रुवारीत ब्रायन एप्स्टाइन तिथे एक फीत घेऊन गेले. डेका कंपनीने नाकारलेल्या चार पोरांची ती फीत होती. तबकडी कापणाऱ्या तंत्रज्ञाला गाणी आवडली. त्याने एप्स्टाइन यांना त्याच इमारतीतल्या संगीत प्रकाशकाकडे पाठवलं, आणि तिथून धागा जॉर्ज मार्टिनपर्यंत पोचला. ती चार पोरं म्हणजे बीटल्स. एप्स्टाइन स्वतः लिव्हरपूलमध्ये ‘नेम्स’ या दुकानाचा रेकॉर्ड विभाग सांभाळत होते. मोठ्या कंपनीच्या साहेबांना जे कळलं नाही ते दुकानातल्या दोन माणसांना कळलं.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. १९६६ मध्ये बर्मिंगहॅमच्या बॉल्सल हीथ भागात मुहम्मद अयूब यांनी ‘ओरिएंटल स्टार एजन्सीज’ हे दुकान काढलं. त्या भागात पाकिस्तान आणि हिंदुस्थानातून आलेले, कारखान्यांत राबणारे लोक राहत. गावाकडची गाणी मिळण्याचं ठिकाण म्हणजे हे दुकान. गिऱ्हाइकांना काय हवं ते काउंटरवरच कळत होतं, म्हणून दुकानाने स्वतःच गाणी मुद्रित करून काढायला सुरुवात केली. भुजंगी ग्रुप, मलकीत सिंग यांचा भांगडा तिथून निघाला. आणि नुसरत फतेह अली खाँ यांच्या कव्वाल्याही. पीटर गॅब्रिएल यांच्या महोत्सवात १९८५ मध्ये नुसरत गायले आणि पाश्चात्त्य जगाने त्यांना ‘शोधून काढलं’ असं लिहिलं जातं. त्याच्या आधीपासून बर्मिंगहॅमच्या मजुराच्या घरात त्यांची कव्वाली वाजत होती. पाकिस्तानी मुसलमानाच्या दुकानातून शीख तरुणांचा भांगडा निघत होता, हे फाळणीच्या अवघ्या काही दशकांनंतरचं चित्र आहे. त्यावर परिसंवाद झाला नाही, ठराव झाला नाही. काउंटर एकच होता, एवढंच.

हे दुकान पन्नास वर्षं चालून २०१६ च्या सुमारास बंद झालं. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ बंद झालं. ते १९४८ पासूनचं. छोट्या खोल्यांत बसून आधी ऐकायचं, मग घ्यायचं, अशी तिथली रीत कित्येक मुंबईकरांनी अनुभवली. भावे-पुलंच्या पिढीचं नाट्यसंगीत, गझल, जाझ, सारं एका छताखाली असायचं. ते बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. हळहळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिथून शेवटची खरेदी कधी केली होती, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही त्यांतलाच.

परतलेली तबकडी

आता उलटं वारं आहे. १९६० मध्ये सॅक्रामेंटोत सुरू झालेली ‘टॉवर रेकॉर्ड्स’ची अमेरिकेतली दुकानं २००६ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली, पण वेगळी झालेली जपानी कंपनी तगली, टोकियोच्या शिबुया भागातलं तिचं बहुमजली दुकान आजही गजबजलेलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोत ‘अमीबा’ने १९९७ मध्ये एका जुन्या बोलिंगच्या सभागृहात दुकान थाटलं, तेही चालू आहे. नैरोबीत केन्याटा मार्केटमध्ये, भाजलेलं मांस विकणाऱ्यांच्या गर्दीत, आफ्रिकी संगीताच्या जुन्या तबकड्यांचा गाळा आहे. एप्रिल २००८ पासून ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ पाळला जातो. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख; नगांच्या हिशेबात तबकडी सीडीच्या पुढे गेली ती १९८७ नंतर प्रथमच.

आनंद आहे. पण हा आनंद जपून घ्यायला हवा. नवी तबकडी बहुधा त्याच गाण्यांची निघते जी आधीच सुरक्षित आहेत. बीटल्स काही हरवणार नाहीत. हरवतात ते छोट्या कंपन्यांसाठी एकदोनदाच गायलेले लोक. नाट्यगृहातले दुय्यम नट, दर्ग्यावरचे कव्वाल, कोठ्यावरच्या बाया. काही जुन्या लेबलांवर त्यांची नावं देवनागरीत आहेत, काहींवर उर्दूत, काहींवर बंगालीत. त्यांची नवी आवृत्ती काढण्यात कुणाचा फायदा नाही.

काही वर्षांपूर्वी मी मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो होतो. ढीग उपसताना एका लेबलावरचं उर्दू नाव मी मोठ्याने वाचलं. चाचांनी चष्मा वर केला. “पढ लेते हो? अब तो लेनेवाले रंग देखके लेते हैं,” ते म्हणाले. मग त्यांनी ती तबकडी लावली. लावण्याआधी सुई बदलली आणि मला सांगितलं, “सर, हर बाजू के लिए नई सुई. कंजूसी करोगे तो आवाज घिस जाएगी.” पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. खरखरीतून एका बाईचा आवाज आला. तीन मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. चाचांनी तबकडी कागदी पाकिटात घातली आणि नाव मला मराठीतही लिहायला लावलं. म्हणाले, “मेरे बाद लडका बैठेगा. उसको उर्दू नहीं आती.”

मी लिहिलं. पुढचा तासभर लिहीतच बसलो. वीस-बावीस पाकिटं झाली असतील.

‘जात कहाँ हो’ आज मोबाइलवर क्षणात ऐकता येतं. ते तिथे आहे, कारण कधीतरी ते कुणाच्या तरी खोक्यात शिल्लक होतं. जे खोक्यात उरलं नाही ते मोबाइलवरही नाही. आपल्या घरांत, आजी-नानींच्या पेट्यांमध्ये अजून अशा तबकड्या असतील. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी लेबल एकदा वाचा. लिपी येत नसेल तर येणाऱ्या माणसाला विचारा. असा माणूस तुमच्याच गल्लीत, बहुधा पलीकडच्या मोहल्ल्यात असतो.