पडद्यावरचा योद्धा : शोभेचे चिलखत आणि सोयीचा पोशाख

काल्पनिक किंवा पौराणिक चित्रपटातील योद्धा प्रेक्षकांना प्रथम भेटतो तो त्याच्या वेशातून. चकाकणारे चिलखत, रुंद खांदे, उंच शिरस्त्राण आणि जमिनीवर लोळणारा शेला यांनी क्षणभर डोळे दिपतात. मात्र हाच पोशाख अंगावर चढवून कलावंताला दहा-बारा तास धावावे, घोड्यावर बसावे आणि तलवार चालवावी लागते. त्यामुळे योद्ध्याच्या वेशभूषेची पुनर्रचना हा सौंदर्याइतकाच शरीराच्या सोयीचा आणि सुरक्षिततेचा विषय आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. अकोला आणि अमरावती येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात धातूचा पत्रा किंवा काळे चामडे अंगावर असेल, तर घाम वाळण्यास वाव राहत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो. प्रत्यक्ष इतिहासातील सैन्ये ऋतू पाहून निघत. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर मोहिमा सुरू होत. अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड त्याच वर्षी १५ डिसेंबरला इंग्रजांच्या हाती पडला. दोन्ही घटना थंडीच्या दिवसांतील आहेत. चित्रीकरणाचे वेळापत्रक मात्र ऋतूपेक्षा कलावंतांच्या तारखांवर ठरते.

कापसाचे कवच

योद्धा म्हणजे पोलादाने मढलेला माणूस, हा समज अपुरा आहे. लोखंडी कड्यांचे चिलखत भारतात वापरात होते. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी, १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या जोडीला कापसाचे अनेक थर भरून दुलईसारखे दाट टाके घातलेले जाड अंगरखेही होते. असा अंगरखा वार बोथट करी, अंगाला काचत नसे आणि घाम शोषून घेई. कापसासाठी ख्यातनाम असलेल्या वऱ्हाडाला या कवचाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आजच्या वेशभूषाकारालाही धातूच्या आभासाखाली सुती थर देण्यावाचून चांगला पर्याय नाही.

महाराष्ट्रातील चित्रपटाला योद्ध्याचा वेश प्रारंभापासून परिचित आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ निर्माण केला. ‘प्रभात’च्या ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मध्ये दुर्गा खोटे यांनी स्त्रीराज्याची राणी साकारली, तर ‘अमरज्योति’ (१९३६) मध्ये त्या समुद्रावरील बंडखोर स्त्रीच्या भूमिकेत दिसल्या. मुंबईत वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने (१९३५) नादियाला आखूड विजार, बूट आणि मुखवटा दिला. साहसदृश्ये स्वतः करणाऱ्या अभिनेत्रीसाठी तो सुटसुटीत वेश सोयीचाच होता.

हलके, पण भारी दिसणारे

‘स्टार वॉर्स’ (१९७७) च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळाले. पुढे ‘गांधी’साठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्यासमवेत १९८३ मध्ये ते पुन्हा याच पुरस्काराचे मानकरी ठरले. ‘स्टार वॉर्स’मधील पांढऱ्या चिलखतातील सैनिक पडद्यावर दरारा निर्माण करीत. चिलखत प्लॅस्टिकचे असल्याने वजनाला हलके होते, पण ते घालून बसणे कठीण जाई आणि शिरस्त्राणातून नीट दिसतही नसे. म्हणजेच केवळ वजन कमी केल्याने प्रश्न सुटत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (२००१ ते २००३) मध्ये प्लॅस्टिकच्या नळीचे काप जोडून, त्यांवर धातूचा मुलामा देऊन कड्यांची चिलखते तयार करण्यात आली. कापडाप्रमाणे लवणारी ही चिलखते कलावंतांना पेलणे सोपे गेले.

वेशाची पुनर्रचना आतून बाहेर करावी लागते. सर्वांत आत घाम शोषणारी सुती बंडी, त्यावर खांद्यावर आणि कमरेवर भार वाटून देणारा भरीव थर आणि सर्वांत वर तुकड्यांनी बनलेले दर्शनी कवच असावे. छाती आणि पाठ यांचे भाग एकसंध न ठेवता पट्ट्यांनी जोडल्यास श्वास मोकळा राहतो. अंगरख्याच्या बगलेत चौकोनी तुकडा जोडला, तर हात उंचावताना सारा पोशाख वर ओढला जात नाही. घेराला चीर दिल्यास मांड ठोकता येते. उष्णतेने वळविता येणाऱ्या फोमच्या तुकड्यांवर धातूचा रंग चढविला की ते पोलादासारखे दिसतात. मात्र फोममधून हवा जात नाही, म्हणून तुकड्यांमध्ये फटी ठेवणे अगत्याचे असते. आवाजाचाही विचार करावा लागतो. चित्रीकरणाच्या वेळीच संवाद ध्वनिमुद्रित होत असतील, तर पत्र्यांचा खणखणाट आणि चामड्याची करकर व्यत्यय आणते.

स्त्री योद्ध्याच्या वेशात तर शोभेने सोयीवर वारंवार मात केली आहे. उघडे पोट आणि छातीच्या आकाराचा धातूचा पत्रा यांतून संरक्षण साधत नाही. उलट दोन उंचवट्यांमधील खाच वाराला उरोस्थीकडे वळविते, आणि पडल्यास तोच पत्रा दुखापत करतो. याला पर्याय घरातच आहे. कासोटा घातलेले नऊवारी लुगडे पाय मोकळे ठेवते आणि घोड्यावर बसण्यासही अनुकूल असते.

देहाच्या हालचालीला आड येणार नाही तोच खरा पोशाख, हे व्यायामशाळांना पूर्वीपासून ठाऊक आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. मल्लखांबावर चढणारा खेळाडू लंगोट किंवा जांघ्या घालतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

म्हणूनच वेश शिवून झाल्यावर त्याची परीक्षा आरशासमोर नव्हे, तर तालमीत घ्यावी. उकिडवे बसणे, जिना चढणे, धावणे, शस्त्र उपसणे, पाणी पिणे आणि संकटप्रसंगी दुसऱ्याच्या मदतीने मिनिटभरात पोशाख उतरविणे, या साऱ्या गोष्टी जमल्या पाहिजेत. नायकासाठी साहसदृश्यांकरिता वेगळी, मऊ प्रत तयार होते, पण गर्दीतील सैनिकाच्या वाट्याला बहुधा एकच जड पोशाख येतो. सर्वाधिक काळ उन्हात उभा राहणारा तोच असल्याने पुनर्रचनेचा आरंभ त्याच्यापासून होणे न्याय्य आहे.