लेशमूलद्रव्ये : तळ्यांतील मासे (पेण, रोहा)

पाणी, गाळ व सजीवांत अत्यल्प प्रमाणात आढळणारी मूलद्रव्ये. यांपैकी तांबे, जस्त, मँगॅनीज, सेलेनियम शरीराला लागतात, मात्र जादा झाल्यास बाधतात. पारा, शिसे व कॅडमियम यांचा शरीराला काहीच उपयोग नाही. माशांतून ती माणसापर्यंत किती पोहोचतात हे तळे, माशाची जात आणि खाल्लेला भाग यांवर ठरते. ‘रायगडचा मासा’ असे सरसकट बोलून धोका मोजता येत नाही.

पेणच्या खारेपाटात खाडीतील जिताड्याची पिल्ले गावतळ्यांत सोडून वाढवतात. जिताडा शिकारी, लहान मासे व कोळंबीवर पोसतो. गाळातील जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो अन्नसाखळीत वरवर साठत जातो. त्यामुळे एकाच तळ्यातील रोहू-मृगळापेक्षा थोराड जिताड्यात पारा अधिक असण्याचा संभव असतो. शिसे व कॅडमियम यांची रीत वेगळी : शिसे हाडांत, कॅडमियम यकृत व मूत्रपिंडात साठते. म्हणूनच नुसते मांस तपासून दिलेला निर्वाळा वलगणीच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीला लागणाऱ्या) बारीक, काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या माशांना लागू पडत नाही. कालवण कितीही उकळले, त्यात आमसूल घातले, तरी धातू नाहीसे होत नाहीत.

उगम शोधताना कोकणचा कातळ विसरू नये. बेसाल्ट व त्यापासून झालेल्या तांबड्या मातीत लोह, मँगॅनीज, क्रोमियम, निकेल मुळातच असतात. गाळात क्रोमियम सापडले म्हणजे कारखान्याचे सांडपाणीच आले, असे होत नाही. पेणला मूर्तिकामातील रंगांचा प्रश्न आहे. काही रंगद्रव्यांत शिसे, क्रोमियम वा कॅडमियम असते. पेणचे बहुतेक गणपती परगावी जातात, तेव्हा विसर्जनाइतकाच विचार कारखान्यांतील रंगाच्या धुवणाचा व्हायला हवा. रोह्याला धाटाव येथे रासायनिक उद्योगांची वसाहत असून कुंडलिका तेथून रेवदंड्याकडे जाते. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय यादीत (२०१८) कुंडलिका होती. पण ती यादी जैविक ऑक्सिजन मागणीवर, म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाच्या मापावर, बेतलेली होती. तिच्यावरून धातूंविषयी अनुमान काढणे चूक, आणि नदीवरून तळ्यांविषयी काढणे त्याहून चूक.

मिथिल पारा गर्भाच्या मज्जासंस्थेस घातक ठरतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये मिथिल पाऱ्याच्या विषबाधेचा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. शिसे मुलांच्या बुद्धीवर परिणाम करते. त्याची पूर्वीची साप्ताहिक मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये मागे घेतली, कारण सुरक्षित अशी मात्राच ठरवता येईना. कॅडमियमची झळ मूत्रपिंडाला बसते.

याच समितीने ठरवलेली मिथिल पाऱ्याच्या सेवनाची साप्ताहिक मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती ९६ मायक्रोग्रॅम होते. माशात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम मिथिल पारा असेल, तर आठवड्याला सुमारे १९० ग्रॅम माशांतच ही मर्यादा गाठली जाते. रोज मासे खाणाऱ्या घरात हे अवघड नाही. महिन्यातून एकदा खाणाऱ्याला तोच मासा निर्धोक ठरू शकतो.

अहवालातील आकडे सुक्या वजनाचे की ओल्या, हे आधी पाहावे. माशात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असल्याने सुक्या वजनाचा आकडा सुमारे चौपट दिसतो. आर्सेनिकचा एकूण आकडाही फसवा असतो : समुद्री माशांत ते बहुतांशी आर्सेनोबीटेन या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असते, गोड्या पाण्यातील माशांत मात्र तसे गृहीत धरता येत नाही.