दुय्यम पात्राचा मान



गावच्या जत्रेतल्या नाटकात राजा व्हायला सगळेच तयार असतात. भाला धरून दाराशी उभा राहणारा मात्र शोधून आणावा लागतो. आज अशाच दाराशी उभ्या राहिलेल्या एका इंग्रज नटाची हकीकत सांगायची आहे. त्यांचे नाव आर्थर लो.

लो यांचा जन्म २२ सप्टेंबर १९१५ रोजी डर्बीशायरमधल्या हेफील्ड या खेड्यात झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. दुसऱ्या महायुद्धात लो सैन्यात गेले. मध्यपूर्वेतल्या छावण्यांत सैनिकांची करमणूक करता करता त्यांना नाटकाचा नाद लागला. १९४५ साली मँचेस्टरच्या एका नाटक मंडळीत ते धंदेवाईक नट झाले, तेव्हा तिशी आली होती. अंगाने बुटके, गोल, डोक्याला टक्कल. नायकाचे काम कोण देणार?

१९४९ सालच्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या चित्रपटात अ‍ॅलेक गिनेस यांनी एकट्याने आठ भूमिका केल्या. लो यांच्या वाट्याला आला अगदी शेवटचा एक बातमीदार. पण गंमत पाहा. तुरुंगातून सुटलेल्या खुनी नायकाकडे हा बातमीदार त्याच्या आठवणी छापायला मागतो, आणि तेव्हाच नायकाला स्मरते, की खुनांची कबुली लिहिलेले कागद तर कोठडीतच राहिले! काम एवढेसे, पण सगळी गोष्ट त्यावर फिरते.

पुढे १९६० ते १९६५ या काळात 'कोरोनेशन स्ट्रीट' या दूरदर्शन मालिकेतला कापडदुकानदार म्हणून ते घरोघरी ओळखीचे झाले. खरे नाव झाले ते बावन्नाव्या वर्षी, आणि त्यामागे इतिहास आहे.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंड-बेल्जममध्ये घुसल्या. १४ मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून हाक दिली : सैन्यात नसलेल्या १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी गावाच्या रक्षणाला यावे. आठवड्याभरात सुमारे अडीच लाखांनी नावे दिली. बंदुका पुरेनात, म्हणून कित्येकांनी काठ्या घेऊन कवायत केली. हेच पुढे 'होम गार्ड' झाले. आपल्या मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये होमगार्ड उभे राहिले, तेव्हा नाव तेच घेतले.

या म्हाताऱ्या-कोवळ्या पलटणीवर बीबीसीने ३१ जुलै १९६८ पासून 'डॅड्स आर्मी' ही विनोदी मालिका दाखवली. १९७७ पर्यंत तिचे ८० भाग झाले. लो त्यात बँक मॅनेजर आणि पलटणीचे कप्तान मेनवेअरिंग. कप्तान साध्या घरातला, हाताखालचा सार्जंट मात्र खानदानी! त्यामुळे कप्तान सदा फुशारकी मारतो आणि आतून खट्टू असतो. आपण हसतो. पण शत्रू खरेच आला तर हा माणूस जागचा हलणार नाही, हेही लो यांच्या चेहऱ्यावर दिसते. खुद्द लो यांनी हे काम कधी थट्टेवारी नेले नाही. म्हणूनच त्या हसण्यात मान राहिला.

'ओ लकी मॅन' या १९७३ च्या चित्रपटात त्यांनी तीन भूमिका केल्या, आणि त्याबद्दल त्यांना ब्रिटिश अकादमीचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. १४ एप्रिल १९८२ रोजी बर्मिंगहॅमच्या अलेक्झांड्रा नाट्यगृहात, प्रयोगाआधी, ते रंगपटातच कोसळले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वारले. त्या नाटकात त्यांच्या पत्नी जोन कूपर याही काम करीत होत्या.

गुरुजनहो, स्नेहसंमेलनात दाराशी उभे राहायचे काम मिळाले म्हणून एखादा पोरगा हिरमुसला, तर त्याला या बातमीदाराची गोष्ट जरूर सांगा.