फ्लेक्सवरची जाड तिरकी अक्षरं : कुठे शोभतात, कुठे घोटाळा करतात

दहिवली : कबड्डीचे सामने असोत, वाढदिवस असो की नवीन दुकानाचं उद्घाटन, कर्जत-खालापूरच्या नाक्यानाक्यावर फ्लेक्सची मोठी ओळ जाड आणि उजवीकडे झुकलेली दिसते. छपाईत या अक्षराला ‘बोल्ड इटालिक’ म्हणतात. बोर्ड करायला टाकण्याआधी त्याबद्दल थोडी माहिती असलेली बरी.

मूळ कुठलं?
इटालिक म्हणजे इटलीचं. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मानुशियस यांनी १५०१ मध्ये या वळणात पुस्तक छापलं. त्याचे खिळे फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी कोरले होते. आपल्याकडे भरभर लिहायला मोडी होती, बाळबोध अक्षर मात्र उभंच राहिलं. देवनागरीतलं तिरकं अक्षर इंग्रजी छपाईच्या वळणावर आलं.

घोटाळा कुठे होतो?
उभा फॉन्ट कॉम्प्युटरवर नुसता कलता केला की शिरोरेषा आडवीच राहते, पण वेलांटी आणि रफार उजवीकडे सरकतात, उकार डावीकडे जातो. मात्रा शेजारच्या अक्षराला चिकटते. त्यात जाडी वाढवली की अक्षरातली मोकळी जागा बुजते. मग ब-व, घ-ध, भ-म लांबून सारखेच दिसतात आणि ‘भिवपुरी’ची ‘मिवपुरी’ होते.

कुठे वापरावं?
दोन-चार शब्दांच्या मथळ्याला, स्पर्धेच्या नावाला, ‘भव्य सेल’ला हे अक्षर छान. त्यात वेग आणि जोर दिसतो. पत्ता, तारीख, मोबाईल नंबर, दवाखान्याची किंवा वळणाची पाटी मात्र उभ्या, मध्यम जाडीच्या अक्षरातच हवी. गाडीवरून जाणाऱ्याला वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात.

दुकानदारांनी आणखी एक लक्षात ठेवावं. राज्याच्या २०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक आहे. मराठी अक्षराचा आकार इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. अक्षर मोठं आहे, पण वाचताच येत नाही, तर पाटीचा उपयोग काय?

फुकट मिळणारे फॉन्ट
‘पॉपिन्स’मध्ये देवनागरीचं तयार बोल्ड इटालिक आहे, त्यामुळे उभं अक्षर ओढूनताणून कलतं करावं लागत नाही. जाड पण उभं हवं असेल तर एक टाइपचे ‘बलू’ आणि ‘मोदक’ आहेत. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट तर मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात, धंद्यासाठीही चालतात. घेताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, ते बघा.

छापण्याआधी
डिझाइन नुसतं मोबाईलवर बघून पास करू नका. साध्या कागदावर प्रिंट काढून भिंतीला लावा आणि मजकूर माहीत नसलेल्या माणसाला दहा-पंधरा पावलांवरून वाचायला सांगा. तो अडखळला तर तिरकेपणा किंवा जाडी कमी करायला सांगा. फ्लेक्स एकदा छापला की दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जातो.