लोखंडी पूल चोरीला कसा जातो?

ट्रस पूल म्हणजे लोखंडी पट्ट्या त्रिकोणांत जोडून उभारलेला सांगाडा. काही पट्ट्यांवर ताण असतो, काहींवर दाब. त्यामुळे कमी लोखंडात लांब गाळा पेलतो. पण एखादी तिरपी पट्टी कापून नेली, तर तिचा भार शेजारच्या पट्ट्यांवर जातो. पूल उभा दिसतो, पण भरवशाचा राहत नाही.

भंगारचोरांना वापरात नसलेला पूल सोयीचा. एप्रिल २०२२ मध्ये बिहारच्या रोहतास जिल्ह्यात पाटबंधारे खात्याचे लोक असल्याची बतावणी करून चोरट्यांनी ६० फुटी पूल गॅस कटर आणि जेसीबीने तीन दिवसांत उचलला. गावकऱ्यांनी तर मदतही केली! पुढे खात्याच्याच एका अधिकाऱ्याला अटक झाली. २०२३ मध्ये मुंबईत मालाडचा सुमारे ६ हजार किलोंचा लोखंडी पूलही गेला.

सोयगावजवळच्या शेंदुर्णीवरून जाणारी पाचोरा–जामनेर नॅरोगेज गाडी २०२० पासून बंद आहे. गाडी थांबली की मार्गावरची वर्दळही थांबते. अशा ठिकाणी पुलाच्या प्रत्येक भागाची मोजदाद आणि फोटो आधीच हवेत. नाहीतर काय गेलं, हेच सिद्ध करता येत नाही.