पतंगाच्या नावाचे सभागृह

शायरीतला परवाना शमेवर झेप घेतो आणि जळून जातो. आज मी ज्या पतंगाची हकिगत सांगणार आहे, त्याने मात्र उजाड झालेली गावे पुन्हा वसवली.

इंग्रजांचा पहिला ताफा १७८८ साली ऑस्ट्रेलियाला पोहोचला. त्यात ब्राझीलहून घेतलेला निवडुंगही होता. त्यावर पोसणाऱ्या किड्यांपासून लाल रंग काढायचा बेत होता. तो फसला. पुढे कुंपणासाठी निवडुंगाच्या आणखी जाती आल्या. आपल्या फड्या निवडुंगाच्याच कुळातल्या. या परक्या भूमीत त्यांना खाणारे कोणी नव्हते. १९२०च्या दशकात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधली सुमारे ६ कोटी एकर जमीन निवडुंगाने व्यापली. लोकांनी तो तोडला, जाळला, त्यावर सोमलाचे विष मारले. शेवटी कित्येक कुटुंबे घरेदारे सोडून निघून गेली.

१९२५ साली ॲलन डॉड या कीटकतज्ज्ञाने अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची जेमतेम तीन हजार अंडी आणवली. मादी अंड्यावर अंडे चिकटवून काडी तयार करते. ती निवडुंगाचा काटाच वाटते. पतंग स्वतः काहीच खात नाही. निवडुंग पोखरते ती त्याची केशरी अळी. ती पिकांवर जात नाही ना, हे आधी तपासले गेले. मग १९२६पासून कोट्यवधी अंडी रानोमाळ वाटण्यात आली. सात-आठ वर्षांत बहुतेक निवडुंग कुजून कोसळला. शेतकरी परतले. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावाने १९३६ साली आपल्या सभागृहाला या पतंगाचे नाव दिले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५७ साली हाच पतंग कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडला गेला. तिथला निवडुंग परका नव्हता, मूळचाच होता. बेटामागून बेटे ओलांडत पतंग १९८९मध्ये फ्लोरिडात, तर २००६मध्ये मेक्सिकोच्या बेटावर सापडला. मेक्सिकोत निवडुंगाची भाजी घरोघरी होते, राष्ट्रध्वजावरही निवडुंग आहे. तिथल्या सरकारने बेटांवरचा हा पतंग २००९पर्यंत निपटून काढला.

एका देशाने ज्याच्या नावाने सभागृह उभारले, त्याच्यावर दुसऱ्याने मोहीम काढली. पतंग बदलला नव्हता. उपाय आणताना 'कशावर' एवढेच विचारून भागत नाही. 'कुठे' हेही विचारावे लागते.